यक्षगान बघताय की ऐकताय?

रानजाई

मागे सहलीच्या धाग्यावर उडुपीकडचे यक्षगानाचे, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीवरच्या नृत्यनाट्याचे, फोटो आले होते. खाली प्रतिसाद असे : 'कसला भारी मेकअप', 'मुकुट केवढा तो', 'पोरं घाबरतील'. फोटो झकासच होते, वाद नाही. पण रंगवलेले चेहरे आणि गिरक्या एवढंच डोक्यात राहणार असेल, तर निम्मंअधिक यक्षगान त्या फोटोंतून निसटलंय. म्हणून हा वेगळा धागा.

माझं सासर उत्तर कन्नडातल्या होन्नावर तालुक्यातलं. तिकडे दिवाळीच्या सुमारास मेळे, म्हणजे यक्षगानाच्या फिरत्या मंडळ्या, बाहेर पडतात ते थेट मे अखेरीपर्यंत फिरत असतात. 'आज आट कुठे?' हा हिवाळ्यातला ठरलेला प्रश्न. आट म्हणजे खेळ. सुरुवातीला मी पण पोशाखच बघायचे. कानडी कानावर बसायला लागली तशी एकेक गोष्ट उलगडत गेली.

रंगमंचावर दोन तट असतात. मागे हिम्मेळ : गाणारा भागवत, आणि मद्दळे व चंडे ही चर्मवाद्यं. पुढे मुम्मेळ : वेष घेतलेले नट. सगळा कारभार भागवताच्या हातात. तो गायक आहेच, पण खेळाचा दिग्दर्शकही तोच, आणि तोही प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर बसून. बडगुतिट्टूत, म्हणजे उत्तरेकडच्या शैलीत, त्याच्या हातात छोटे टाळ असतात. दक्षिणेकडच्या तेंकुतिट्टूत जागटे, म्हणजे काशाची थाळी. तो 'प्रसंगा'तलं एक पद्य उचलतो. प्रसंग म्हणजे संहिता, पण तिच्यात फक्त पद्यं असतात. नट त्या ओळींवर नाचतो, शेवटची ओळ पुन्हा पुन्हा फिरते, चंडेवर जोरकस बोल येतात, पद्य संपतं. वाद्यं थांबतात. आणि मग नट बोलायला लागतो.

हे बोलणं कुठेच लिहिलेलं नसतं. याला अर्थगारिके म्हणतात. पद्यात चार ओळी असतील, तर त्यावर नट दोन मिनिटं बोलेल नाहीतर पंधरा. समोरचं पात्र त्याला अडवेल, प्रश्न करेल, कोंडीत पकडेल. तालीम बहुतेक वेळा होतच नाही. आज समोर कोण आहे हे कधीकधी चौकीत, म्हणजे रंगपटात, आल्यावर कळतं.

वालीवधाचं उदाहरण घ्या. बाण लागून पडलेला वाली रामाला जाब विचारतो. मुद्दे वाल्मीकीपासूनचे आहेत : तुझं माझं वैर काय? वानराचं मांस तुला चालत नाही, कातडं तुझ्या उपयोगाचं नाही, मग मारलंस कशाला? सीताच हवी होती तर मला सांगायचंस, रावणाला गळ्यात दोर बांधून आणला असता. रामाचं उत्तरही वाल्मीकीचंच : ही भूमी इक्ष्वाकूंची, भरताच्या आज्ञेने धर्म राखायला मी फिरतोय, आणि तू धाकट्या भावाची बायको ठेवून घेतलीस. इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना पाठ. पण मुरलेला वाली इथे थांबत नाही. 'भरताच्या आज्ञेने? जो तुझ्या पादुका सिंहासनावर ठेवून बसलाय, त्याची आज्ञा तुला?' आता रामाने त्या क्षणी उत्तर द्यायचं, आणि तेही रामाला शोभेल असं. चिडलेला राम चालत नाही, वालीपुढे गप्प पडलेला राम तर अजिबात नाही. आणि एवढं भांडून झालं तरी शेवटी वालीने हात जोडायचेच आहेत, कारण पुढचं पद्य तसं आहे. कुठे पोचायचं ते ठरलेलं, तिथे कसं जायचं ते दर रात्री वेगळं.

आणखी एक. हे सगळं शुद्ध कानडीत. बोलण्यात एक इंग्रजी शब्द आला तरी प्रेक्षकांत चुळबुळ होते. हास्यगाराला, म्हणजे विदूषकाला, बोलीची मोकळीक आहे. बाकीच्यांना नाही.

पायांनी जेवढी तयारी लागते तेवढीच जिभेने लागते, असं दुसरं नृत्यनाट्य माझ्या तरी बघण्यात नाही. कथकळीत नट बोलतच नाही, गायक गातो आणि नट हस्तमुद्रांनी सांगतो. इथे नाचून दमलेला माणूस धाप लपवून न्यायशास्त्र सांगत असतो.

मध्यमपदलोपी

वाचायला मजा आली. पण ज्याला कानडी येत नाही त्याने काय करायचं? 'शुद्ध कानडीत पंधरा मिनिटं' म्हटल्यावर आमच्यासारखे चहा प्यायलाच उठणार.

दुसरं, हे शास्त्रीय की लोककला? संगीत नाटक अकादमीच्या आठ शास्त्रीय नृत्यांत यक्षगान नाही. भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम, सत्रिय. झाले आठ.

तिकडम

यादीत नाही म्हणून शास्त्र नाही असं होत नाही हो. ताल बघा : अष्ट, झंपे, रूपक, त्रिवुडे, एक... प्रत्येकाची पावलं ठरलेली. पोरगं मेळ्यात आलं की आधी कोडंगी (सुरुवातीचा विदूषकी वेष), मग बाळगोपाळ, मग स्त्रीवेष असं पायरीपायरीने चढतं. पूर्वरंग आहे, सभालक्षण आहे. याहून जास्त शास्त्र कुठलं हवं? पूर्वी उघड्या मैदानात होई म्हणून बयलाट नाव पडलं, आणि मैदानातलं म्हणून शहरी लोकांनी त्याला लोककलेच्या खणात टाकलं. एवढाच फरक.

भाषेचं म्हणाल तर कानडी लेखक शिवराम कारंतांनी नेमकं हेच केलं होतं. संवाद जवळजवळ काढून टाकले, नृत्य आणि गाणं ठेवलं, व्हायोलिन आणि सॅक्सोफोन आणले, यक्षगानाचा बॅले केला. परदेशात दौरे झाले, लोकांना आवडलं. म्हणजे बोलण्याशिवायही ते उभं राहतं. रानजाईताई, तुमचं 'निम्मंअधिक बोलण्यात आहे' हे मला पटत नाही.

रानजाई

तिकडम, कारंतांबद्दल आदर आहेच. यक्षगान बयलाटावर त्यांनी केलेल्या अभ्यासाशिवाय पुढच्या कुणाचं पान हललं नाही. पण त्या बॅलेनंतर किती मेळ्यांनी बोलणं सोडलं? एकानेही नाही. उलट नाच आणि वेष दोन्ही काढून टाकलेला प्रकार मात्र गावोगाव चालतो : ताळमद्दळे. भागवत, मद्दळे, चंडे आणि समोर धोतर-शाल नेसून मांडी घालून बसलेले अर्थधारी, म्हणजे संवाद बोलणारे. ना रंग, ना मुकुट, ना एक पाऊल. पावसाळ्यात देवळाच्या पडवीत लोक तासन्‌तास ऐकत बसतात. शेणी गोपालकृष्ण भट यांच्यासारख्या माणसाचं नाव नुसत्या बोलण्यावर घरोघरी पोचलं होतं. नाच काढला तरी लोक येतात, बोलणं काढलं तर परदेशी पाहुणे येतात. यावरून काय ते ठरवा :)

तिकडम

हा टोला होता, पोचला. पण चिट्टाणींना बघायला जे लोक येत ते अर्थ ऐकायला येत नव्हते. चिट्टाणी रामचंद्र हेगडे यांचा भस्मासुर नाहीतर कीचक ज्याने बघितलाय त्याला विचारा. नुसता कीचक सैरंध्रीकडे बघत उभा आहे, भागवत एकच ओळ घोळवतोय, आणि या माणसाचे खांदे, भुवया, बोटं, सगळं काहीतरी सांगतंय. साठी उलटल्यावरही ते गिरक्या घेत. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली, यक्षगानातली पहिली. शृंगार आणि मद एकाच देहात कसे राहतात ते तिथे दिसलं. बोलणं तिथे दुय्यम.

रानजाई

चिट्टाणींपुढे मी हात टेकले. तरी 'दुय्यम' नाही म्हणणार.

भडंगवाला

सांगलीकर या नात्याने बोलणं भाग आहे. आपण 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, तो विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधल्या 'सीता स्वयंवरा'मुळे. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी तो बघितला आणि भाव्यांना म्हणाले, असं मराठीत करा, पण जरा नीटनेटकं. ही भागवत मंडळी म्हणजेच यक्षगानवाले.

आता भाव्यांच्या खेळाची रचना आठवा. सूत्रधार मागे उभा राहून पदं म्हणतोय. पात्रं त्या पदाच्या अनुरोधाने आपल्या मनाने भाषणं करतायत. सुरुवातीला गणपती, सरस्वती येतात. विदूषक आहे. राक्षस आले की आरडाओरडा, ज्यावरून पुढच्या लोकांनी त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं. रानजाईंनी वर जे वर्णन केलंय ते वाचताना मला वाटलं, हे तर आमच्या वाड्यातलंच!

घाटावरचा

म्हणजे मराठी नाटक कानड्यांकडून उचललेलं, असं का? आपल्याकडे लळित होतं, गोंधळ होता, बहुरूपी होते, दशावतार होता. भाव्यांना हे सगळं दिसत नव्हतं का?

भडंगवाला

दिसत होतंच की. उचलणं हा शब्द तुमचा, माझा नाही. ठिणगी कुठून पडली ते सांगितलं. लाकडं आपलीच होती. आणि त्या काळात कानडी-मराठी अशी भिंत कुठे होती? पुढे 1862 मध्ये कारवारचा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात आला तो 1956 पर्यंत तिथेच होता.

भाव्यांनी बदललं ते सांगतो. नाच जवळजवळ गेला, गाणं आणि बोलणं राहिलं. पुढे 1880 मध्ये किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हा पदं पात्रांच्या तोंडी गेली, भाषणं छापील झाली. म्हणजे आयत्या वेळचं बोलणं आपण शेपन्नास वर्षांच्या आत सोडलं, त्यांनी आजवर धरून ठेवलं.

कुडाळचो झील

सोडलं कुणी? आमच्याकडे या, दाखवतो. दशावतारात आजही संहिता नाही. आख्यान ठरतं संध्याकाळी, कधी कधी पेटारे उघडल्यावर. राजा कोण, राक्षस कोण, नारद कोण, एवढं वाटून घेतात आणि 'चला, उभे रवा'. हार्मोनियम, पखवाज, झांज. आधी आडदशावतार, त्यात संकासुराची धमाल, मग आख्यान. स्त्रीपार्टी बघून बायका अजून विचारतात, ही साडी खय घेतलास?

फरक मात्र आहे आणि तो मान्य करायला हवा. आमचा नट बोलण्यात बाप, पण पायातलं शास्त्र तसं उरलेलं नाही. यक्षगानात युद्धाचं नृत्य बघितलं तेव्हा वाईट वाटलं होतं. गुडघ्यांवर गरागरा फिरतात, त्याला मंडी म्हणतात. गुडघे कसे शाबूत रवतत देव जाणे.

रानजाई

शाबूत नसतात राहत. विचारा कुठल्याही पन्नाशीच्या नटाला.

अनुस्वार

वेषाबद्दल मी लिहू का? धाग्याच्या विरोधात जाईल, पण मी चित्रकार आहे आणि चौकीत बसून स्केचेस केलीत, तेव्हा राहवत नाही.

चौकीत मध्ये गणपतीची पूजा, पुढे दिवा. नट चटईवर बसून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. पेटी उघडली की आत हातआरसा, रंगांच्या डब्या, खोबरेल. बडगूतलं मुंडासं मला सगळ्यात जास्त आवडतं. तो तयार मुकुट नाही! दर रात्री डोक्यावर बांधतात. आत गवताचा भरीव गाभा, त्याभोवती दोरी आणि काळं कापड गुंडाळत गुंडाळत आकार चढवायचा, मग वर जरीच्या पट्ट्या. तरुण वीराचं मुंडासं केवड्याच्या पानासारखं निमुळतं, त्याचं नावच केदगे मुंदले. एक माणूस दोरीचं टोक ताणून धरतो, नट मान ताठ ठेवून फिरतो, दातात पट्टी. दोरी सैल राहिली तर युद्धात मुंडासं कलंडणार. फार आवळली तर तासाभरात डोकं ठणकायला लागणार. नेमका ताण किती, हे त्या दोघांनाच ठाऊक. राजाचा किरीट वेगळा. तो हलक्या लाकडाचा, वर सोनेरी बेगड. छातीवरची, खांद्यावरची भूषणंही तशीच लाकडी. खाली तांबड्या-पिवळ्या चौकटींची साडी, कासोटा घालून.

तेंकूतले राक्षस, म्हणजे बण्णद वेष, तर वेगळीच गोष्ट. तांदळाच्या पिठात चुना कालवून त्याचे बारीक काटे चेहऱ्यावर एकेक करून उभे करतात, ओळीवर ओळ. त्याला चिट्टी म्हणतात. एक ओळ वाळली की पुढची. तीन-चार तास सहज जातात. त्या काळात नट फारसा बोलत नाही, हसत तर नाहीच, नाहीतर गालावरची ओळ तडकते. मग पहाटेकडे पडद्यामागून आधी नुसती आरोळी, दोघांनी धरलेला पडदा हलतो, वरच्या कडेवरून मुकुटाचं टोक दिसतं, पडदा थोडा खाली, पुन्हा वर... राक्षस पूर्ण दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बघणाऱ्याला तोवर घाम.

हे फोटोत मावत नाही, हे मान्य. पण 'नुसता मेकअप' म्हणू नका.

रानजाई

अनुस्वार, हे धाग्याच्या विरोधात कसं? असंच हवं होतं. स्केचेस टाका ना.

मध्यमपदलोपी

माझ्या भाषेच्या प्रश्नाला बगल दिली सगळ्यांनी.

माटुंगा मेल

मी देतो उत्तर. मुंबईत वाढलो, कानडी कामापुरती. पावसाळ्यात तिकडचे मेळे बंद असतात तेव्हा कलाकार मुंबईला येतात. कुर्ल्याला बंट्स संघ, माटुंग्याला कर्नाटक संघ, इकडेतिकडे खेळ लागतात. काही तुळूतही असतात, कोटी-चेन्नय या तुळू वीरांच्या कथा वगैरे. जुन्या काळी हॉटेलात काम करणारी पोरं रात्री गल्ला बंद झाला की जात, अशा गोष्टी आमच्या इमारतीत खूप ऐकल्यात.

युक्ती एकच : प्रसंग आधी वाचून जा. आणि मराठी माणसाला तर तेही लागत नाही. सुधन्वा, बभ्रुवाहन, चंद्रहास या जैमिनी भारतातल्या गोष्टी. तिकडे लक्ष्मीशाच्या कानडी काव्यातून आल्या, आपल्याकडे श्रीधरस्वामींनी ओवीत आणल्या. आजीने पोथी वाचली असेल त्या घरात सुधन्वा कोण ते सांगावं लागत नाही. उकळत्या तेलाच्या कढईतून वाचलेला पोरगा अर्जुनासमोर उभा राहतो आणि दोघंही कृष्णाचेच भक्त. आता कृष्ण कुणाचा, यावर जे भांडण जुंपतं त्यातले संस्कृत शब्द निम्मे तरी कळतातच. धर्म, प्रतिज्ञा, पक्षपात, शरणागत. उरलेलं आवाजावरून.

तिकडम

बरोबर. आणि आवाजावरून आठवलं, भागवतांबद्दल कुणीच लिहिलं नाही. गुंडमी काळिंग नावड. 1990 मध्ये तिशी जेमतेम ओलांडलेली असताना अपघातात गेले. अजून त्यांच्या कॅसेटींवरून लोक शिकतात. वरची पट्टी, तिथे टिकून राहणं, आणि शब्द मात्र स्वच्छ. त्यांच्यानंतरच्या कितीतरी जणांच्या गळ्यात नावड शिरलेत, काहींच्या इतके की ऐकवत नाही.

कढीपत्ता

एक शंका. बायका करतात का हे, की सगळं पुरुषांचंच?

रानजाई

परंपरेने पुरुषांचंच. स्त्रीवेष हे तर खास दालन. पण आता मुलींचे संघ आहेत, शाळांतून शिकवतात, शहरात तर भरपूर. भागवतांत लीलावती बैपाडित्तायांचं नाव घ्यावंच लागेल, तेंकूत व्यावसायिक मेळ्यांत गायल्या. रात्र रात्र गावोगाव फिरायचं, मूल सांभाळायचं, आणि पुरुष नटांना आपल्या तालावर नाचवायचं. मेळ्यांच्या मुख्य भूमिकांत मात्र अजून बायका नगण्य आहेत, यावर तिकडे कुणाला फारसं वाटतही नाही. मला वाटतं.

घाटावरचा

आणि रात्रभर कोण बसतं आता?

रानजाई

हा खरा दुखरा भाग. आता बऱ्याच ठिकाणी 'कालमिती' असते : संध्याकाळी सुरू, मध्यरात्रीच्या आत संपलं. ध्वनिक्षेपकाचे नियम, सकाळची नोकरी, सगळं आहे. नवसाचे खेळ, हरके आट, मात्र जोरात आहेत. कटीलच्या देवीचे मेळे नवसासाठी वर्षानुवर्षं आधी ठरलेले असतात. म्हणजे पैसा किंवा प्रेक्षक कमी पडले असं नाही, रात्र कमी पडतेय.

कालमितीत पहिला बळी जातो तो संथपणाचा. अनुस्वारने लिहिलेला पंधरा मिनिटांचा पडदा पाच मिनिटांत उरकतात. बोलण्यावरही कात्री. भागवत घड्याळाकडे बघून पुढचं पद्य उचलतो. वाली रंगात आलाय आणि टाळ वाजला की संपलं, भागवतापुढे कुणाचं चालत नाही.

तिकडम

इथे माझं उलट मत. सगळी रात्र म्हणजे सगळं सोनं नव्हतं. दोन ते चारच्या दरम्यान काय भरताड चालायचं ते मीही बघितलंय. केरेमने शंभू हेगडे यांनी वेळ आखून, नेटके प्रयोग केलेच की. वडील शिवराम हेगडेंनी 1934 मध्ये काढलेली इडगुंजीची मंडळी त्यांनी देशभर फिरवली. दिल्लीत माया राव यांच्याकडे नृत्यरचना शिकून आले होते, पण यक्षगानात परकं काही घुसू दिलं नाही. तीन तासांत कृष्णसंधान, म्हणजे कृष्णशिष्टाईचा प्रसंग, पुरं करत आणि काही राहिलंय असं वाटत नसे. 2009 मध्ये इडगुंजीलाच, खेळ चालू असताना गेले. कात्री वाईट नसते, ती कुणाच्या हातात आहे ते बघायचं.

रानजाई

शंभू हेगड्यांच्या हातात असेल तर माझी ना नाही. रोज कुठून आणायचे शंभू हेगडे?

मध्यमपदलोपी

चला, पटलं म्हणा. पहिल्यांदा जायचं तर काय बघू? आणि कुठे?

माटुंगा मेल

मुंबईत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये कानडी वर्तमानपत्र चाळा नाहीतर जवळच्या उडुपी हॉटेलात गल्ल्यावर विचारा, हमखास माहिती मिळते. प्रसंग युद्धाचा निवडा. अभिमन्यू काळग (काळग म्हणजे युद्ध) नाहीतर सुधन्वा.

तिकडम

भस्मासुर मोहिनी. भाषेची गरजच नाही.

रानजाई

वालीवध. भाषेची गरज आहे, म्हणून. सोबत कानडी येणारं कुणीतरी न्या आणि त्याला कानात भाषांतर करू देऊ नका, मध्यंतरात विचारा. भागवताच्या समोर नको, चंडेच्या बाजूलाही नको, कान बसतात. तिसरी-चौथी रांग, मद्दळेच्या बाजूला.

कुडाळचो झील

आणि जाताना वाटेत कुडाळात उतरा. जत्रेचो हंगाम आसा तवसर दशावतारही बघून घेवा.